लाकडी जमीन: किती घासावी, किती ठेवावी

या सदरात एरवी गळकी छपरं आणि फुगलेले दरवाजे यांचीच गर्दी असते. या वेळी मात्र लाकडी जमिनींची इतकी पत्रं आली की सगळं पान त्यांनाच दिलं आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांच्या निम्म्या शंका त्यातच मिटतात.

ताई, शनिवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. माडीवरच्या तीन खणी दिवाणखान्याची जमीन सागवानी फळ्यांची आहे. वडिलांनी १९७२च्या सुमारास तिला लाल ऑइलपेंट दिला, पुढे त्यावर आणखी दोन हात बसले. आता पापुद्रे निघताहेत. एक सुतार म्हणतो, वर प्लाय मारून लॅमिनेट टाका. दुसरा म्हणतो, मशीनने घासून पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारतो, तीन दिवसांत आरसा करून देतो. मी निवृत्त आहे, हात चालतात. मी स्वतः करू का? घरात दीड वर्षाचा नातू आहे. — एक वाचक, पुणे

लॅमिनेटवाल्याला चहा पाजा आणि निरोप द्या. सागाच्या फळीवर प्लाय ठोकणं म्हणजे शेकडो नवे खिळे, आणि खाली वाळवी शिरली तरी वर पत्ता लागत नाही. दुसऱ्या सुताराचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पण तीन दिवसांत आरसा होतो तेव्हा फळीचं काय होतं, ते तो सांगणार नाही.

आधी फळीची जाडी बघा. खालच्या खोलीतून वर पाहिलं तर कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांवर टाकलेले पाट) दिसेल, पण त्यावरून जाडी कळत नाही. जिना माडीवर येतो तिथे फळ्यांची उघडी कड असते, किंवा जुन्या वायरिंगसाठी पाडलेलं भोक असतं. तिथे पट्टी लावून मोजा. इंचभर भरली तर निवांत राहा. पाऊण इंचाच्या आत असेल तर मशीनचा विचार सोडून द्या. जाड काचपेपरने एकदा पूर्ण घासाई झाली की एक-दीड मिलिमीटर लाकूड सहज जातं. फळ्या एकमेकींत खाच करून बसवलेल्या असतील तर आणखी जपा, कारण खाचेच्या वर जेवढं लाकूड आहे तेवढंच तुमच्या हातात आहे. ते संपलं की कड चिरते आणि ती फळी गेली.

आता नातवाची गोष्ट, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, रंगद्रव्यात आणि लवकर वाळावा म्हणून घालायच्या द्रव्यातही. आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमहून (दहा लाखांत ९० भागांहून) जास्त शिसं चालणार नाही, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. १९७२चा रंग म्हणजे शिशाचाच, असं धरून चाला. तो रंग कोरडा घासलात तर त्याची पिठी घरभर बसते, आणि रांगणारं पोर जमिनीवर हात टेकून तेच हात तोंडात घालतं. शिशाचा सगळ्यात वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. तेव्हा रंग निघेपर्यंत सँडर, म्हणजे घासायचं मशीन, पिशवीतच राहू दे.

रंग काढायचा तो ओला करून. जेलीसारखं पेंट रिमूव्हर मिळतं, ते हातभर पट्ट्यावर जाड थापा, वर प्लॅस्टिकचा कागद पसरा आणि रंग सुरकुतला की रुंद खरवडणीने उचला. खिडक्या सताड उघड्या हव्यात, हातात रबरी मोजे हवेत. वेळ लागतो, लागू दे. कॉस्टिक सोड्याने रंग झटपट निघतो असं कोणी सांगेल. निघतो खरा, पण त्याने साग काळा पडतो आणि तो काळेपणा आत मुरतो. निघालेले पापुद्रे जाड पिशवीत बांधा, बंबात तर मुळीच जाळू नका. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचं. काम चालू असेपर्यंत नातवाचा मुक्काम दुसऱ्या घरी हलवा. खाली माडीचा धुरळा येणार नाही असं वाटतं, पण फळ्यांच्या फटीतून तो येतोच.

रंग निघाला की खिळे. जुन्या फळ्यांचे खिळे वर्षानुवर्षांच्या पायांनी फळी झिजून वर आलेले असतात. एकेक सुंब्याने (खिळा आत ठोकायच्या बोथट सळईने) दोन-तीन मिलिमीटर आत बसवा. एक खिळा राहिला की पेपरचा पट्टा फाटतो, आणि त्याची ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर पिशवी धुमसते. ती घरात कोपऱ्यात ठेवून जेवायला बसू नका. करकरणारी फळी ठोकून बसवण्याचा मोह आवरा, हातोडीच्या दणक्याने खालच्या खोलीत पाटांमधली माती गळते. भोक पाडून कडीत स्क्रू घाला, डोकं बुडवा, वर भोक बुजवायला सागाची गुल्ली बसवा.

खिळ्यांभोवती काळी वर्तुळं दिसतील. सागातलं टॅनिन आणि लोखंड यांचा तो डाग, घासून जात नाही, खोल असतो. ऑक्झॅलिक आम्लाचं कोमट पाण्यातलं द्रावण ब्रशने लावलं तर बराच फिका होतो. पण ते विषारी आहे, आणि वाळल्यावर दोनदा स्वच्छ पाण्याने पुसून काढावं लागतं. मी स्वतः असे डाग ठेवते.

आणि आता घासाई. मोठं ड्रम सँडर मिळालं तरी वाड्यात आणू नका. जुन्या वायरिंगला ते झेपत नाही, आणि नवख्या हाताखाली ते जिथे क्षणभर थांबतं तिथे खळगा पाडतं. पाच इंची गोल फिरणारं ऑर्बिटल सँडर घ्या, त्याला व्हॅक्यूम जोडा. हळू चालतं, पण चूक करायलाही वेळ लागतो, हा त्याचा गुण. बेल्ट सँडर फक्त कडा वर आलेल्या फळ्यांपुरतं वापरा. ते चालू करताना जमिनीपासून उचललेलं असावं आणि उचलल्यावरच बंद करावं.

पेपर ६० नंबरपासून सुरू करा, फारच खडबड असेल तिथे ४०. मग ८०, मग १२०. मधला नंबर गाळला तर जाड पेपरचे ओरखडे पॉलिश लागल्यावर उठून दिसतात. प्रत्येक नंबरानंतर व्हॅक्यूम फिरवा, मागे राहिलेला एक जाड कण पुढचा सगळा हात बिघडवतो. फळीवर शिसपेन्सिलीने नागमोडी रेघा मारा. रेघा गेल्या की त्या जागेचं काम झालं, पुढे सरका. रात्री दिवे मालवून टॉर्च जमिनीला टेकवून धरा. दिवसा न दिसलेला प्रत्येक ओरखडा सावली टाकतो. १२०च्या पुढे जाऊ नका. फार गुळगुळीत लाकडात पीयू धरत नाही.

कोपऱ्यांत मशीन जात नाही. तिथे हाताची खरवडणी. माझे वडील सुतार होते, ते खिडकीच्या फुटक्या काचेचा सरळ धारेचा तुकडा घेऊन खरवडत, भुशाऐवजी पातळ साली निघत. भवानी पेठेच्या लाकूडबाजारात आता पोलादी खरवडण्या मिळतात. काचेपेक्षा त्या बऱ्या, बोटं शाबूत राहतात.

मास्क एन-९५ तरी हवाच. रुमाल बांधून काही होत नाही. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात नोंदवलं आहे. सागाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाजही सुटते.

एक विनंती. देवघरासमोर, उंबऱ्याशी फळी पायांनी झिजून किंचित खोलगट झाली असेल. ती सपाट करायला गेलात तर आजूबाजूच्या चांगल्या फळ्या उगाच खाली न्याव्या लागतील. राहू द्या ती.

शेवटी पॉलिश. सुतार म्हणतो तो पीयू वाईट नाही. पाणी, चहा, खेळण्यांचे चाक सोसतो. पण साग तेलकट. लावण्याआधी थिनरने पुसलं नाही तर दोन वर्षांत पीयू सालीसारखा सुटतो, आणि तेव्हा एका जागी ठिगळ लागत नाही, पुन्हा अख्खी खोली घासावी लागते. म्हणजे पुन्हा एक मिलिमीटर. म्हणून मी तेल आणि मेण सुचवते: डबल बॉइल्ड जवसाचं तेल निम्म्या टर्पेंटाइनमध्ये, पातळ हात, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, पूर्ण वाळल्यावर दुसरा हात, मग मधमाशीचं मेण. चमक कमी, दर वर्ष-दोन वर्षांनी उजळणी लागते. पण डाग पडला तर तेवढाच तळहाताएवढा भाग घासून दुरुस्त होतो. तरी पीयूच हवा असेल तर पाण्यावरचा घ्या आणि आठवडाभर तरी नातवाला खोलीत सोडू नका. मेलामाइन पॉलिश कपाटाला ठीक आहे, जमिनीवर नको. वास फॉर्माल्डिहाइडचा असतो आणि तो बराच काळ रेंगाळतो.

तेलाची फडकी मात्र जपा. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून वाळतं, तेव्हा गरम होतं. बोळा करून फेकलेली फडकी काडी न लावता पेटू शकतात. एकेक करून दोरीवर पसरा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा.

गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. फळ्यांमध्ये इतक्या फटी की केर काढला की खालच्या काकू वर येऊन भांडतात. दोनदा लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल मिसळून फटी भरल्या, पुढच्या उन्हाळ्यात सगळं सुटलं. आता शेजाऱ्यांसारखी सिमेंट घालून लादी बसवावी का? — एक वाचक, मुंबई

काकूंची बाजू खरी आहे, आणि तुमच्या फळ्यांचीही. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. सागाची आठ इंची फळी पावसाळा ते उन्हाळा दीड-दोन मिलिमीटरने कमी-जास्त होते. मधे कडक लांबी (पुट्टी) भरलीत तर पावसात ती चिरडते आणि उन्हात निसटते. भुसा-फेव्हिकॉलचं तेच झालं.

रुंद फटी असतील तर सागाची पाचरीसारखी तासलेली पट्टी घ्या आणि एकाच बाजूच्या फळीला गोंदाने चिकटवा. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. वर आलेली पट्टी रंध्याने सपाट करा. अरुंद फटींत सुती दोर ठासा, होडीच्या फळ्यांत कापूस ठासतात तसा. दोर दाबला जातो आणि पुन्हा फुगतो. दोराचा पांढरा रंग नको असेल तर तो आधी चहाच्या कडक पाण्यात बुडवून वाळवा, सागाच्या जवळपास जातो. भरण्याचं काम पावसाळा संपल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात करा. फटी सगळ्यात रुंद असताना घट्ट भरलंत तर जुलैत फळ्या एकमेकींना ढकलून वर उचलतील.

लादीचं ऐका. दहा बाय दहाच्या खोलीत दोन इंच माल आणि लादी म्हणजे जवळजवळ एक टन वजन. ते कायमचं त्या जुन्या तुळयांवर बसणार, आणि सिमेंटची ओल फळीखाली अडकून तुळईचं भिंतीतलं टोक कुजवणार. शेजाऱ्यांनी घातली म्हणून काय झालं, त्यांच्या खाली कोण राहतं ते बघा. तुमची इमारत १ सप्टेंबर १९४०च्या आधीची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) असेल तर तुळया, कड्या, जिना यांची दुरुस्ती म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडे येते. पाय ठेवल्यावर जमीन झुलत असेल तर घासाईचा विषय बाजूला ठेवून आधी तिथे लेखी अर्ज द्या. झुलणारी जमीन पॉलिशने सावरत नाही.

गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींतला साग बराचसा ब्रह्मदेशातला आहे, तेव्हा तो जहाजाने मुंबईत यायचा. आता त्या प्रतीचं लाकूड रे रोडच्या बाजारात मोडलेल्या घरांतूनच काय ते मिळतं. फळी बदलायची झाली तर नवीन घेऊ नका, तिथेच शोधा. नवी फळी वर्षभर आकसत राहील आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुन्हा फट पडेल.

मालवणजवळ आमच्या घराच्या माळ्यावर फणसाच्या फळ्या आहेत. जूनमध्ये सुट्टी होती म्हणून घासून तेल लावलं. अजून चिकट आहे, पायाला लागतं, आणि त्यावर पांढरी बुरशी धरली. काका म्हणतात, पूर्वी काजूच्या टरफलाचं तेल लावत, तेच लाव. — एक वाचक, सिंधुदुर्ग

जूनमध्ये कोकणात कपडे वाळत नाहीत, तेल कसं वाळेल? आणि तेल बहुधा कच्चं जवसाचं असेल. ते कोरड्या हवेतही आठवडे घेतं. शिवाय जाड लावलं असणार. लाकडात मुरेल तेवढंच राहतं, उरलेलं वर चिकट थर धरतं आणि बुरशीला खाऊ मिळतो.

आता पावसाळा संपेपर्यंत थांबा. मग टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या जाड फडक्याने चिकट थर काढा, राहिलेला भाग १२० नंबरने हलका घासा. डिसेंबर ते मार्च या दिवसांत डबल बॉइल्ड तेलाचा पातळ हात द्या. काम सुरू करण्याआधी लाकडाची ओल मोजायचं छोटं मीटर कुणाकडून मागून घ्या, बारा टक्क्यांच्या आत आलं तरच पुढे जा.

काका सांगतात ते खरं आहे. टरफलाचं तेल वाशांना, होड्यांना लावत आणि किडे त्याला तोंड लावत नसत. पण ते कातडी भाजतं, काळं पडतं आणि जमिनीवर लावलं तर घरातल्यांच्या पायांची काळजी तुम्हालाच करावी लागेल. छपराच्या वाशांना लावा, चालण्याच्या जागेला नाही.

फणस सुरुवातीला पिवळा दिसतो आणि उजेडाने हळूहळू तांबूस-तपकिरी होतो. घासल्यावर नवीन पिवळी जमीन बघून स्टेन लावायची घाई करू नका. आणि एक चटई वर्षभर त्याच जागी टाकून ठेवू नका, तिच्याखाली पिवळा चौकोन राहील. फळ्यांच्या पांढऱ्या कडांना बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसत असेल तर तो भुंगा आहे. तेल लावण्याआधी, उघड्या लाकडावर, बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं द्रावण दोन वेळा मुरवा. तेल बसल्यावर ते आत शिरत नाही.

आम्ही लेस्टरला व्हिक्टोरियन काळातलं टेरेस घर (ओळीतलं, भिंतीला भिंत लागलेलं) घेतलं. कार्पेट उचललं तर खाली पाइनच्या फळ्या, मध्ये फिक्या आणि भिंतीलगत चहूबाजूंनी काळी पट्टी. सँडर भाड्याने मिळतं इथे. शनिवार-रविवारी होईल ना? — एक वाचक, इंग्लंड

काळी पट्टी म्हणजे खराबी नाही. त्या काळी खोलीच्या मध्यभागी चौकोनी गालिचा असायचा आणि उरलेल्या कडेला गडद रंग देत. मध्यभाग त्यामुळे फिका राहिला. ती पट्टी मशीनला चिवट जाते, पेपर लवकर भरतो, म्हणून कडेसाठी जास्त पेपर घेऊन ठेवा.

आठ इंची ड्रम सँडर भाड्याने मिळतं, सोबत कडेचं छोटं मशीनही घ्या. पाइन सागापेक्षा फार मऊ असतो, ड्रम टेकवलेला असताना पाऊल थांबू देऊ नका. फळ्या वाकल्या असतील तर पहिला हात थोडा तिरका, पुढचे सगळे फळीच्या लांबीने. पुण्याच्या वाचकाला मी ड्रम नको म्हटलं आणि तुम्हाला घ्या म्हणते, कारण तुमच्याकडे अखंड मोठी खोली, ठीक वायरिंग आणि बहुतेक वेळा जाड फळ्या आहेत. जाडी मात्र तुम्हीही बघाच.

कार्पेटच्या आधी कुणी टाइल्स चिकटवल्या असतील आणि फळीवर काळा डांबरी गोंद दिसत असेल तर थांबा. जुन्या गोंदात आणि टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते तपासून घेतल्याशिवाय मशीन लावू नका. जुना रंग असेल तर शिशाबद्दल वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू.

दोन दिवसांत घासाई होईल. पॉलिश नाही. त्यासाठी पुढचा शनिवार-रविवार धरा, आणि खोलीतली सोफा-कपाटं सोमवारी परत लावू नका.

रोजच्या पोछ्याच्या पाण्यात फिनाइल टाकलं तर चालेल का? — एक वाचक, सातारा

मेणाच्या जमिनीवर नको, मेण निघतं. घट्ट पिळलेलं फडकं, साधं पाणी, आणि पुसल्यावर पंखा लावा. दाराशी एक पायपुसणं ठेवा, जमिनीला सगळ्यात जास्त घासते ती चपलेसोबत येणारी वाळू. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे) तुकडे चिकटवा. पुण्यात ते चांभाराच्या दुकानात मिळतात, साताऱ्यातही मिळायला हरकत नाही.